अक्रोडाएवढी ग्रंथी आणि प्रकाशाची सुरी : प्रोस्टेट शस्त्रक्रियेचा इतिहास

१/
८ ऑक्टोबर १९६३. लंडनच्या १०, डाउनिंग स्ट्रीट येथे मंत्रिमंडळाची बैठक भरली होती. पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन वेदनेने बेजार होते. आदल्या रात्रीपासून त्यांची लघवी तुंबली होती. त्याच संध्याकाळी त्यांना रुग्णालयात हलवण्यात आले. १० तारखेला शस्त्रक्रिया झाली आणि १८ तारखेला त्यांनी पदाचा राजीनामा दिला. निवडणूक हरली नव्हती, सरकार पडले नव्हते. एका लहानशा ग्रंथीने ब्रिटनचा पंतप्रधान बदलला होता.

२/
ती ग्रंथी म्हणजे प्रोस्टेट. मॅकमिलन यांची गाठ कर्करोगाची नव्हती. त्यानंतर ते २३ वर्षे जगले आणि १९८६ मध्ये, वयाच्या ९२व्या वर्षी निवर्तले. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९६४ मध्ये, फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गॉल यांच्यावर पॅरिसमध्ये प्रोस्टेटचीच शस्त्रक्रिया झाली. त्यांनी पद सोडले नाही. त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दक्षिण अमेरिकेतील १० देशांचा दौरा केला. ग्रंथी तीच, निर्णय मात्र परस्परविरुद्ध. या ग्रंथीच्या इतिहासात शस्त्राइतकेच महत्त्व निर्णयाला आहे, आणि आज 'लेझरने करावे का?' असे विचारणारा प्रत्येक जण याच इतिहासाच्या टोकाशी उभा असतो.

३/
प्रथम शरीराची रचना. प्रोस्टेट मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. तरुणपणी तिचा आकार साधारण अक्रोडाएवढा असतो. वय वाढते तशी तिच्या आतल्या भागात, मूत्रमार्गालगत, निरुपद्रवी गाठ वाढू लागते. शवविच्छेदनांच्या अभ्यासांत पन्नाशीतील सुमारे निम्म्या आणि ऐंशीपुढील सुमारे ९० टक्के पुरुषांत ही वाढ आढळलेली आहे. प्रत्येकाला त्रास होतोच असे नाही. ज्याला होतो त्याची धार बारीक होते, रात्री पुनःपुन्हा उठावे लागते, आणि एखाद्या दिवशी लघवी पूर्णच अडते.

४/
हा त्रास प्राचीनांना परिचित होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 'मूत्राघात' या विकाराचे १२ प्रकार दिले आहेत. त्यांतील 'वाताष्ठीला' म्हणजे गुदाशय आणि मूत्राशय यांच्यामध्ये वाटोळ्या दगडासारखी वर आलेली कठीण गाठ. ती मल, मूत्र आणि वात अडवते. आधुनिक अभ्यासक या वर्णनाचा संबंध प्रोस्टेटच्या वाढीशी जोडतात. हे लक्षणांचे वर्णन आहे, ग्रंथीचे शरीरशास्त्र नव्हे, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. तरीही शब्द टिकला. प्रोस्टेटला मराठीत 'अष्ठीला ग्रंथी' असेही म्हणतात, ते या परंपरेतूनच.

५/
युरोपात 'प्रोस्टेट' हे नाव ग्रीक भाषेतून आले. अर्थ 'पुढे उभा असलेला'. १५३६ मध्ये व्हेनिसच्या निकोलो मास्सा याने ग्रंथीचे वर्णन केले आणि १५३८ मध्ये व्हेसालियसने तिचे चित्र छापले. मात्र अडलेली लघवी आणि वाढलेली ग्रंथी यांची सांगड नीट घालण्यास आणखी दोन शतके लागली. इटलीच्या मॉर्गान्यी याने १७६१ च्या आपल्या महाग्रंथात रुग्णाची लक्षणे आणि शवविच्छेदनातील निष्कर्ष शेजारी शेजारी मांडले. वाढलेल्या प्रोस्टेटमुळे मूत्राशयावर ताण कसा येतो, हे त्यातून उमगू लागले.

६/
निदान झाले, पण उपाय एकच होता : नळी. १७५२ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन याने आपल्या आजारी भावासाठी चांदीची लवचिक नळी बनवून घेतली. त्या भावाला मूतखड्याचा विकार होता. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांना १८२५ मध्ये, आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात, वाढलेल्या प्रोस्टेटने गाठले आणि मूत्रमार्गात सळई घालून घेणे त्यांच्या नित्यक्रमात आले. १८६० च्या सुमारास फ्रान्सच्या नेलातोंने मऊ रबराची नळी प्रचारात आणली. वेदना कमी झाली. धोका तेवढाच राहिला.

७/
कारण जंतूंचे ज्ञान अजून कोणालाच नव्हते. नळी धुतली जाई, निर्जंतुक केली जात नसे. दिवसातून अनेक वेळा ती आत घालणाऱ्या वृद्धाच्या मूत्राशयात आज ना उद्या संसर्ग होई, तो मूत्रपिंडांपर्यंत चढे आणि ताप, ग्लानी, मृत्यू असा क्रम लागे. नळीवाचून जगता येत नसे आणि नळीसह फार काळ जगता येत नसे. एकोणिसाव्या शतकातील असंख्य घरांत आजोबांचा शेवट असाच झाला असेल. मृत्यूचे कारण म्हणून मात्र 'म्हातारपण' एवढेच सांगितले गेले असेल.

८/
निराशेतून टोकाचे उपाय निघाले. १८९० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या जे. विल्यम व्हाइट याने वृषण काढून टाकण्याची शस्त्रक्रिया पुढे आणली. वृषण नसले तर प्रोस्टेट आक्रसते, हा त्यामागील विचार. विचार चुकीचा नव्हता. पण १८९५ मध्ये त्याने मांडलेल्या १११ रुग्णांपैकी सुमारे १८ टक्के दगावले होते. लघवी सुटावी म्हणून पौरुषाची किंमत मोजायला माणसे तयार होत होती, यावरून त्या यातनेची कल्पना यावी.

९/
यानंतरची पायरी भारताशी जोडलेली आहे. आयर्लंडच्या गॉलवे परगण्यातील पीटर फ्रेयर हा इंडियन मेडिकल सर्व्हिसचा शल्यचिकित्सक. सुमारे २० वर्षे त्याने उत्तर भारतात काम केले. मूत्राशयातील खडे मूत्रमार्गातूनच चुरून बाहेर काढण्यात त्याचा हातखंडा होता. रामपूरच्या नवाबावर उपचार केल्याबद्दल त्याला १ लाख रुपये मिळाले आणि या रकमेवरून सरकारदरबारी वादही झाला. निवृत्तीनंतर तो लंडनच्या सेंट पीटर्स रुग्णालयात रुजू झाला. शेकडो मूत्राशयांचा अनुभव गाठीशी घेऊन तो प्रोस्टेटकडे वळला.

१०/
१ डिसेंबर १९०० रोजी फ्रेयरने ओटीपोटावर छेद घेऊन मूत्राशय उघडला. एका हाताचे बोट मूत्राशयातून ग्रंथीवर, दुसऱ्या हाताचे बोट गुदाशयातून खालून आधाराला. मग नखाने आवरण फाडून त्याने आतली गाठ सोडवून बाहेर काढली. संत्र्याची साल न फोडता आतला गर अख्खा सोडवून घ्यावा, तसे. डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. सारे काम बोटाच्या स्पर्शावर चालले होते. वर्षानुवर्षे नळीवर जगणारी माणसे या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा आपोआप लघवी करू लागली.

११/
संपूर्ण ग्रंथी काढल्याचा फ्रेयरचा दावा होता. तो चुकीचा ठरला : निघत होती ती फक्त आतली वाढलेली गाठ, मूळ ग्रंथी सालीसारखी मागे राहत होती. श्रेयावरूनही वाद पेटला. न्यूयॉर्कचा यूजीन फुलर १८९४ पासूनच अशी शस्त्रक्रिया करत होता आणि त्याची पद्धत लंडनला आलेल्या रमोन गितेरास या अमेरिकी शल्यचिकित्सकाकडून फ्रेयरला कळली होती. श्रेय कोणाचेही असो, हाती आलेले ज्ञान मोलाचे होते : गाठ आणि साल यांच्यामध्ये एक नैसर्गिक सांधा असतो. तो सापडला की गाठ सहज सुटते. हा सांधा पुढील कथेत पुन्हा भेटणार आहे.

१२/
फ्रेयरने हजारावर शस्त्रक्रिया केल्या. मृत्यूचे प्रमाण विसांत एकाच्या आसपास होते; त्या काळाच्या मानाने हे मोठे यश. पण रुग्णाच्या बाजूने पाहिले तर? पोटावर जखम, भरपूर रक्तस्राव, आठवडेच्या आठवडे अंथरूण, आणि जिवाची विसांत एक जोखीम. १९४५ मध्ये टेरेन्स मिलिन या आयरिश शल्यचिकित्सकाने मूत्राशय न उघडता, जघनास्थीच्या मागून थेट ग्रंथीवर पोहोचण्याची वाट दाखवली. रक्तस्राव डोळ्यांसमोर थांबवता येऊ लागला. पोट उघडणे मात्र टळले नाही.

१३/
दुसरीकडे, पोटाला हात न लावता मूत्रमार्गातूनच आत जाण्याचा ध्यास चालू होता. अडचण दोन गोष्टींची : उजेड आणि कापण्याचे साधन. १८०६ मध्ये जर्मनीच्या फिलिप बोत्सिनीने मेणबत्तीच्या उजेडात शरीराच्या पोकळ्या पाहण्याचे यंत्र केले. १८७० च्या दशकात माक्स नित्सेने टोकाशी तापलेली प्लॅटिनमची तार आणि ती थंड ठेवायला वाहते पाणी अशी मूत्राशयाची दुर्बीण घडवली. याच दशकात इटलीच्या एन्रिको बोत्तिनीने विजेने तापवलेले पाते मूत्रमार्गातून घालून ग्रंथी जाळण्याचा प्रयोग केला, आणि तोही आत काहीही न पाहता. वीज प्रोस्टेटपर्यंत पोहोचली. दृष्टी अजून मागे होती.

१४/
१९०९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील ह्यू हॅम्प्टन यंग याने 'पंच' तयार केला. नळीच्या बाजूला एक खिडकी. अडथळा करणारा मांसल भाग खिडकीत आला की आतली धारदार नळी तो छाटून टाकी. १९१२ मध्ये यंगकडे 'डायमंड जिम' ब्रेडी आला : रेल्वेसाहित्याचा धनाढ्य विक्रेता, हिरे आणि खादाडी यांसाठी प्रसिद्ध. त्याच्या प्रकृतीमुळे इतरांनी शस्त्रक्रियेस नकार दिला होता. यंगने पंच वापरला आणि ब्रेडी बरा झाला. त्याच्या देणगीतून १९१५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथे ब्रेडी मूत्ररोग संस्था उभी राहिली.

१५/
पंचाने रक्त फार जाई. उत्तर विजेनेच दिले. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या एडविन बीअरने उच्च वारंवारतेच्या विद्युत्प्रवाहाने मूत्राशयातील गाठी जाळल्या. १९२६ मध्ये मॅक्सिमिलियन स्टर्नने तारेच्या फासातून प्रवाह सोडून पाण्याखाली मांस कापणारे 'रिसेक्टोस्कोप' बनवले. पूर्वाश्रमीचा विद्युत अभियंता असलेल्या थिओडोर डेव्हिसने त्यात सुधारणा केल्या, जोसेफ मॅकार्थीने दृष्टी सुधारली, आणि १९३० च्या दशकात अमेरिकेत आजची 'दुर्बिणीतून प्रोस्टेटची शस्त्रक्रिया', म्हणजेच टीयूआरपी, रुळली. ग्रंथी आतून चकत्या-चकत्यांनी खरवडायची आणि त्याच तारेने रक्तवाहिन्या जाळून बंद करायच्या.

१६/
ब्रिटन मात्र बराच काळ उघड्या शस्त्रक्रियेला धरून होता. तेथील दृष्टी बदलली ती हॅरल्ड हॉपकिन्स या भौतिकशास्त्रज्ञामुळे. जुन्या दुर्बिणीत हवेच्या लांब नळीत चिमुकली भिंगे बसवलेली असत. १९५९ मध्ये हॉपकिन्सने हा क्रम उलटा केला : नळीत काचेचे दांडे आणि त्यांमध्ये हवेच्या फटी. प्रकाश कित्येक पटींनी वाढला. हाच हॉपकिन्स १९५४ मध्ये नरिंदरसिंग कपानी या मूळच्या पंजाबच्या तरुण शास्त्रज्ञाबरोबर काचतंतूंमधून प्रतिमा वाहून नेण्याचा शोधनिबंध लिहून मोकळा झाला होता. काचतंतूवाचून पुढे लेझर प्रोस्टेटपर्यंत पोहोचलाच नसता.

१७/
टीयूआरपी दीर्घकाळ मानदंड ठरली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी जानेवारी १९८७ मध्ये पदावर असतानाच ती करून घेतली. तिच्याही मर्यादा होत्या. रक्तस्राव होई. आत सोडलेले पाणी उघड्या रक्तवाहिन्यांतून शरीरात शिरे. साध्या पाण्याने तांबड्या पेशी फुटत, म्हणून ग्लायसिनचे द्रावण आले. तेही जास्त शिरले तर रक्तातील सोडियम उतरून रुग्ण भ्रमिष्ट होई. त्यामुळे शल्यचिकित्सक घड्याळ लावून काम करी : साधारण तासाभरात संपवायचे. फार मोठी ग्रंथी तासात संपत नसे. तिच्यासाठी पुन्हा पोट उघडणेच नशिबी येई.

१८/
याच काळात एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. अमेरिकेच्या मेन राज्यात जॉन वेनबर्ग या संशोधकाने नोंदी तपासल्या. शेजारशेजारच्या भागांत प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण कमालीचे भिन्न होते. आजार सर्वत्र सारखा. फरक होता डॉक्टरांच्या मतात. काहींना वाटे, लवकर केलेली बरी. काहींना वाटे, थांबावे. वेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना फायदे-तोटे समजावणाऱ्या चित्रफिती तयार केल्या. त्या पाहिलेल्या अनेकांनी शस्त्रक्रिया तूर्त नको असे ठरवले. कोणाला रात्री चार वेळा उठणे असह्य वाटते, कोणाला ते चालते. हे क्ष-किरणात दिसत नाही, विचारावेच लागते.

१९/
थांबण्याला औषधांनीही बळ दिले. १९७४ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकातील काही गावांतल्या मुलांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. एका विकराच्या जन्मजात कमतरतेमुळे त्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचे प्रभावी रूप तयार होत नव्हते आणि मोठेपणीही त्यांचे प्रोस्टेट लहानच राहत होते. या धाग्यावरून ग्रंथी आक्रसवणारे फिनास्टेराइड आले. अमेरिकेत त्याला १९९२ मध्ये मान्यता मिळाली. मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करणारी टॅमसुलोसिनसारखी औषधेही त्याच दशकात रुळली. वृषण काढण्यामागील जुना विचार आता सुरीवाचून, एका गोळीत उतरला होता.

२०/
आता प्रकाशाकडे. लेझरमागील तत्त्व आइन्स्टाइनने १९१७ मध्ये मांडले; पहिला लेझर थिओडोर मेमनने १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात पेटवला. पुढच्या प्रकरणात महाराष्ट्राचा वाटा आहे. बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेझर शोधला. शस्त्रक्रियेत प्रत्यक्ष सुरीसारखे काम करणाऱ्या पहिल्या लेझरांपैकी हा एक. त्याच प्रयोगशाळेत १९६४-६५ मध्ये याग स्फटिकात निओडिमियम, होल्मियम आणि थुलियम मिसळलेले लेझरही साकारले. पुढे प्रोस्टेटच्या कामी आले ते हे दुसरे.

२१/
पटेल यांचा लेझर का नाही? लेझर अनेक आहेत आणि प्रत्येकाचा 'रंग', म्हणजे तरंगलांबी, निराळी. कोणता रंग कशात शोषला जातो यावर सारे अवलंबून. कार्बन डायऑक्साइड लेझरचा किरण साध्या काचतंतूतून जात नाही आणि पाण्यात तत्काळ विरतो. दुर्बिणीची शस्त्रक्रिया तर पाण्याखालीच चालते. निओडिमियमचा १०६४ नॅनोमीटरचा किरण तंतूतून सहज जातो, पण मांसात खोलवर शिरतो. होल्मियमचा २१४० नॅनोमीटरचा किरण पाण्यात शोषला जातो आणि अर्ध्या मिलिमीटरच्या आत थांबतो. हिरवा, ५३२ नॅनोमीटरचा किरण रक्तातील हिमोग्लोबिन शोषून घेते. 'लेझरने केले' एवढ्यावरून म्हणूनच काही कळत नाही. कोणत्या लेझरने, हे कळावे लागते.

२२/
याचा धडा १९९० च्या दशकारंभी मिळाला. तंतूच्या टोकाशी आरसा बसवून निओडिमियमचा किरण बाजूला, ग्रंथीवर, वळवता येऊ लागला. रक्त जवळजवळ जात नसे, तंत्र सोपे होते, जाहिरात तर उदंड झाली. पण किरण मांस काढत नव्हता, नुसते शिजवत होता. शिजलेले मांस पुढे आठवडेच्या आठवडे तुकड्यांनी गळत राही. तोवर लघवी करताना जळजळ, सूज, आणि नळी कायम. अनेकांना पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. दशक संपण्यापूर्वीच ही पद्धत मागे पडली. नवे साधन मिळाले होते. त्याने करायचे काय, हे अजून सापडले नव्हते.

२३/
ते सापडले न्यूझीलंडच्या टॉरंगा या किनारी शहरात. पीटर गिलिंग आणि मार्क फ्राउनडॉर्फर यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यावर होल्मियम लेझर हाती घेतला. आधी त्यांनी ग्रंथी वाफ करून उडवली. फार वेळ लागला. मग तुकडे कापून काढले, बरे जमले. अखेर त्यांनी तंतूचे टोक गाठ आणि साल यांच्या सांध्यात घातले आणि अख्खी गाठ सालीपासून सोडवून मूत्राशयात ढकलली. तेथे ती बारीक करून शोषून घेणारे यंत्र वापरून बाहेर काढली. १९९८ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली. तिचे प्रचलित नाव 'होलेप'.

२४/
हे वर्णन ओळखीचे वाटेल. सांधा तोच, फ्रेयरने बोटाने चाचपला होता, गिलिंगने किरणाने उघडला. फरक एवढाच की पोटावर छेद नाही, रक्तवाहिन्या जागच्या जागी बंद होतात आणि मीठपाण्याचे द्रावण चालत असल्याने सोडियम उतरण्याची भीती नाही. १०० ग्रॅमहून मोठ्या ग्रंथींवर जर्मनीत झालेल्या तुलनात्मक चाचणीत होलेप पाच वर्षांनंतरही उघड्या शस्त्रक्रियेच्या तोडीस तोड ठरली, आणि रक्तस्राव व रुग्णालयातील मुक्काम कमी. शतकापूर्वीची जुनी कल्पना नव्या प्रकाशाने सुरक्षित केली.

२५/
हिरव्या लेझरची वाट वेगळी. तो गाठ वाफ करून उडवतो आणि रक्तस्राव फार कमी करतो. म्हणून रक्त पातळ करण्याची औषधे घेणाऱ्या हृदयरुग्णांत त्याचा विचार होतो. युरोपातील 'गोलायथ' चाचणीत तो टीयूआरपीपेक्षा उणा ठरला नाही. पण उडालेले मांस तपासायला उरत नाही. गाठीत दडलेला कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली सापडण्याची शक्यता तेथे संपते. होलेप आणि टीयूआरपीमध्ये तुकडे तपासणीला पाठवता येतात. म्हणून शस्त्रक्रियेआधीची रक्तचाचणी आणि तपासणी येथे अधिक महत्त्वाची.

२६/
लेझर म्हणजे नेहमीच सरस, असेही नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील 'अनब्लॉक्स' चाचणीत ४१० पुरुष होते. निम्म्यांना थुलियम लेझरने मांस छाटण्या-उडवण्याची शस्त्रक्रिया, निम्म्यांना जुनी टीयूआरपी. वर्षभरानंतर त्रासातील उतार दोन्हींकडे सारखा. लघवीचा वेग टीयूआरपीत थोडा सरस. रुग्णालयातील मुक्काम आणि गुंतागुंतीही जवळपास सारख्याच. दरम्यान टीयूआरपीही सुधारली होती. नव्या द्विध्रुवी यंत्रांमुळे तीही मीठपाण्यात करता येते. शतकभर घासून लख्ख झालेले साधन केवळ नव्या नावासमोर मागे सरत नाही.

२७/
काही गोष्टी तर प्रकाशानेही बदलल्या नाहीत. टीयूआरपी असो वा होलेप, त्यानंतर बहुतेकांत वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाते. कामसुखाची भावना सहसा राहते, पण हे आधी न सांगितले गेल्यास धक्का बसतो. अपत्याची इच्छा असलेल्यासाठी तर हा निर्णायक मुद्दा. काहींना पहिले काही आठवडे लघवी रोखता येत नाही. होलेप शिकायला कठीण. हात बसण्यासाठी काही डझन शस्त्रक्रिया कराव्या लागतात. यंत्र विकत घेता येते, हातातील सफाई विकत मिळत नाही.

२८/
या इतिहासाचा निष्कर्ष काढायचा तर असा. नळीने सुटका केली आणि संसर्ग दिला. बोटाने सांधा शोधला आणि रक्त घेतले. विजेने पोट वाचवले आणि तासाची मुदत घातली. पहिल्या लेझरने रक्त वाचवले आणि महिन्याची जळजळ दिली. प्रत्येक साधनाने एक किंमत उतरवून दुसरी लावली. जे टिकले ते शरीराच्या रचनेला समजून वापरलेले. जे केवळ नावीन्यावर आले ते दहा वर्षांत गेले.

२९/
म्हणून आज लेझरचा विचार करणाऱ्या पुरुषापुढे, किंवा त्याला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जाणाऱ्या मुला-मुलींपुढे, इतिहासाने काही प्रश्न तयार ठेवले आहेत. त्रास खरोखर किती? औषधे घेऊन पाहिली का? ग्रंथी केवढी आहे? लेझर कोणता, आणि तो मांस उडवणार, छाटणार की गाठ सोडवणार? काढलेले मांस तपासले जाईल का? वीर्याचे काय होईल? आणि डॉक्टरांचा हात या विशिष्ट शस्त्रक्रियेवर किती बसलेला आहे?

३०/
जेफरसन यांच्यापुढे हे प्रश्न नव्हते, कारण त्यांच्यापुढे पर्यायच नव्हते. वृषण गमावणाऱ्या त्या १११ जणांपुढेही ते नव्हते. प्रश्न विचारता येणे हीच या २०० वर्षांची खरी कमाई आहे. ती वाया जाते ती एकाच कारणाने : लाजेने. रात्री चार वेळा उठणारा बाप घरात कोणाला काही सांगत नाही, आणि घरचे ते म्हातारपण समजून सोडून देतात. अक्रोडाएवढ्या या ग्रंथीबद्दल घरात मोकळेपणी बोलले गेले, तर निर्णय रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात, लघवी तुंबलेल्या अवस्थेत घ्यावा लागणार नाही.